तिसरी-चौथीच्या भाषेच्या तासाला चित्र, नाट्य आणि टॅब्लेट: काय घ्यावं, कसं घ्यावं?

पाटीपेन्सिल:
तिसरी आणि चौथीचे वर्ग, प्रत्येकी तीसेक मुलं, तास 35 मिनिटांचा. हाताशी दोन टॅब्लेट, एक जुना स्मार्टफोन, एक लॅपटॉप आणि स्पीकर. इंटरनेटचा भरवसा नाही. भाषेच्या तासाला चित्रकला, नाट्य आणि ही साधनं जोडायची आहेत, पण लेखन-वाचन मागे पडायला नको. बऱ्याचदा मुलं रंग आणि फिल्टर निवडत बसतात, तास संपतो आणि वहीत दोनच ओळी उरतात. कोणते उपक्रम घ्यावेत, किती तास धरावेत आणि कुठे फसतं, ते सांगाल का?

खडूफळा:
श्रुतिकेपासून सुरुवात करा. पडदा नसल्यामुळे रंग-फिल्टरचा प्रश्नच येत नाही आणि सगळा भार शब्दांवर पडतो.

चार तास धरा. पहिल्या तासाला सात-आठ वाक्यांची ओळखीची गोष्ट घ्या आणि निवेदकाला फक्त दोन वाक्यं द्या. बाकी सगळं संवादातून किंवा आवाजातून कळलं पाहिजे. ‘राजूला पावसात घर सापडेना’ हे वाक्य निवेदकाच्या तोंडी नाही. राजूच म्हणणार, ‘अगं, मघाशी इथेच तर वळलो होतो ना आपण?’ कथनाचं संवादात रूपांतर करणं हा खरा भाषेचा धडा आहे, त्याला पूर्ण तास द्या.

दुसऱ्या तासाला संहितेवर खुणा: थांबायचं तिथे तिरकी रेघ, जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ. याच तासाला आवाज शोधायचे. चुरगळणाऱ्या पातळ प्लास्टिकने आगीचा आवाज होतो, पत्र्यावर वाळू सोडली की पावसाचा. तिसऱ्या तासाला ध्वनिमुद्रण, चौथ्याला ऐकून दुरुस्ती.

लांबी एका मिनिटाची, त्याहून जास्त नको. या वयाची मुलं ठसक्यात वाचतात तेव्हा मिनिटाला साधारण 90 ते 100 शब्द होतात, म्हणजे संहिता वहीच्या एका पानात बसते.

ध्वनिमुद्रणात नेहमी तीन गोष्टी बिघडतात. फोन लांब ठेवला की आवाज घुमतो; तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थोडा बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर माइकवर आदळते. पंखा बंद करा. आणि सुरुवातीला तीन सेकंद कोणीही बोलायचं नाही: लॅपटॉपवर ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये गोंगाट कमी करायचा तर खोलीतल्या नुसत्या आवाजाचा तेवढा तुकडा लागतो. प्रत्येक वाक्य वेगळं मुद्रित करा, म्हणजे चुकलेलं एकच पुन्हा घेता येतं. स्वतःचं वाक्य कुठे अडखळलं हे मुलाला कानाने कळतं आणि ते आपणहून पुन्हा वाचायला घेतं. या उपक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

कात्रीकागद:
श्रुतिकेला अनुमोदन. पण चौथीला कागदी आकृत्यांचं स्टॉप मोशन (आकृती थोडी थोडी सरकवत फोटो काढायचे आणि ते जोडून फिल्म करायची) जरूर घ्या. क्रियापदं आणि वर्णन शिकवायला इतकं नेमकं साधन दुसरं नाही.

गोष्ट लिहून झाली की मुलांना क्रियापदांभोवती गोल करायला सांगा. मग प्रत्येकाला एकच प्रश्न: हे कॅमेऱ्याला दिसेल का? ‘कुत्रा घाबरला’ हे दिसत नाही. मग वाक्य बदलावं लागतं: ‘कुत्र्याने शेपूट पायांत घातली आणि तो मागे सरकला.’ ‘तपशिलात लिहा’ असं कितीही सांगून जे होत नाही, ते इथे गरजेपोटी होतं. दुरुस्त वाक्यांचा सहा चौकटींचा स्टोरीबोर्ड काढल्याशिवाय टॅब्लेट हातात द्यायचाच नाही.

सिनेमाला सेकंदाला 24 चित्रं लागतात, मुलांना 6 पुरतात. 20 सेकंदांच्या फिल्मला 120 फोटो होतात. हे दोन तासांत बसतं. सेकंदाला 12 ठेवलेत तर फोटो दुप्पट होतील आणि निम्मी मुलं मध्येच कंटाळतील. आकृती दर फोटोला साधारण एक सेंटिमीटर सरकवा. संवादाच्या वेळी आकृती हलवू नका: वाक्य वाचायला चार सेकंद लागत असतील तर तोच फोटो 24 वेळा हवा, आणि त्यासाठी स्टॉप मोशनच्या ॲपमध्ये प्रत काढायची सोय असते. आधीचा फोटो फिकट दिसेल अशी सोयही चालू ठेवा.

मांडणी साधी. पुस्तकांच्या दोन सारख्या उंचीच्या चळती, त्यांवर आडव्या दोन पट्ट्या, पट्ट्यांवर फोन, कॅमेरा खाली. फोन विमान मोडवर. फिल्म लुकलुकते ती बहुधा दोन कारणांनी: खिडकीतला उजेड बदलतो, किंवा कॅमेरा दर फोटोला उजेड स्वतःच जुळवतो. पडदा ओढून दिवा लावा आणि फोकस-एक्स्पोजर लॉक करा. मुलांची डोकी दिव्याच्या आड येतात, म्हणून आकृती हलवणारा एकच आणि फोटो काढणारा एकच. ‘हात बाहेर!’ असं तिसऱ्याने म्हटल्याशिवाय फोटो नाही.

काजवा:
तिसरीसाठी स्क्रॅच ज्युनिअर पाहा: आज्ञांचे ठोकळे जोडून पात्रं हलवायचं आणि बोलतं करायचं ॲप. ते पाच ते सात वर्षांसाठी केलेलं आहे, तरी गोष्ट सांगायला तिसरीलाही चालतं, आणि टॅब्लेटवर एकदा घेतलं की इंटरनेट लागत नाही. एका प्रकल्पात चारच पानं मिळतात. ही अडचण मानू नका. सुरुवात, अडचण, प्रयत्न, शेवट असे चार भाग मुलांना आपोआप पाडावे लागतात.

हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही पात्रं एकदम बोलतात, कारण दोघांचेही ठोकळे हिरव्या झेंड्याने सुरू होतात. पहिल्या पात्राच्या वाक्यानंतर लिफाफा पाठवायचा ठोकळा लावा आणि दुसरं पात्र तो लिफाफा मिळाल्यावरच बोलू द्या. चित्रं मात्र मुलांनी कागदावर काढून फोटोने आत घ्यावीत, तयार चित्रं निवडण्यातच तास जातो.

पाटीपेन्सिल:
फार उपयोगी पडेल हे. दोन शंका. तीस मुलांना दोन टॅब्लेट कसे पुरवायचे? आणि गुण कशाला द्यायचे?

खडूफळा:
पाच-पाचचे सहा गट. एका वेळी दोनच गट यंत्रावर, दोन लेखनावर, दोन आकृत्या किंवा आवाजांवर. पाळी 15 मिनिटांची, तासात दोन. म्हणजे यंत्र सगळ्यांच्या हाती यायला तीन पाळ्या, शाळेचा दीड तास लागतो, तसं नियोजन करा. गटात कामं ठरलेली हवीत (वाचणारा, यंत्र धरणारा, संहितेवर बोट ठेवणारा) आणि दर पाळीला बदलायची. नाहीतर सराईत मूल टॅब्लेट सोडत नाही.

कात्रीकागद:
गुण वहीलाच द्या. पहिला खर्डा आणि दुरुस्त खर्डा शेजारी ठेवा: कोणती वाक्यं बदलली, विरामचिन्हं वाचनाशी जुळतात का, संवाद पात्राला शोभतो का. फिल्म गुळगुळीत झाली की नाही याला शून्य गुण, आणि हे मुलांना आधीच सांगा. ज्यांचं लेखन अजून कच्चं आहे त्यांच्यासाठी बोलून टंकायची सोय वापरा, पण ती बहुतेक वेळा इंटरनेट मागते आणि विरामचिन्हं गाळते. तो मजकूर छापून द्या आणि चिन्हं मुलांना पेन्सिलीने भरू द्या.

काजवा:
एखादा तास टॅब्लेटविना हवा असेल तर सावलीनाट्य. ताणलेलं पांढरं कापड आणि मागे फोनची टॉर्च. एकाच बिंदूतून उजेड येतो म्हणून सावली धारदार पडते, ट्यूबलाइटने पुसट होते. बाहुली दिव्याजवळ नेली की मोठी दिसते; राक्षस कधी मोठा व्हायचा ते संहितेत कंसात लिहायला लावा. रंगसूचना लिहायचा सराव तिथेच होतो.

आणि फाइलींची नावं पहिल्याच दिवशी ठरवा: इयत्ता, गट, तारीख. सगळ्या फाइली ‘नवीन 1’, ‘नवीन 2’ झाल्या की दुरुस्तीच्या तासाला निम्मा वेळ आपला तुकडा शोधण्यातच जातो.