केइजी नाकाझावांवर आठ पानी चित्रकथा: स्फोटाचं पान कसं रचावं?

चित्ररेघ
येत्या ६ ऑगस्टसाठी, म्हणजे हिरोशिमा दिनासाठी, आठवी-नववीच्या मुलांकरता केइजी नाकाझावा यांच्यावर आठ पानी चित्रकथा करायची आहे. लहानपणी हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेले हे जपानी चित्रकथाकार. तीन ठिकाणी अडलंय. त्यांच्या 'हादाशी नो गेन' (अनवाणी गेन) या चित्रकथेतला गेन म्हणजेच नाकाझावा असं धरून चालेल का? स्फोटाचा क्षण पानावर कसा मांडावा? आणि भाजलेली माणसं मुलांना कितपत दाखवावीत? टाक आणि काळी शाई वापरणार, छपाई ए४ वर कृष्णधवल.

उंबरठा
गेन म्हणजे नाकाझावा असं धरू नका, इथेच बहुतेकांचं चुकतं. त्यांनी स्वतःची हकिगत आधी १९७२ मध्ये 'ओरे वा मिता', म्हणजे 'मी पाहिलं', या छोट्या चित्रकथेत सांगितली. 'गेन' १९७३ मध्ये साप्ताहिक शोनेन जंपमध्ये सुरू झाली आणि पुढे इतर मासिकांतून १९८७ पर्यंत चालली. तिचे दहा खंड आहेत. ती आत्मकथेवर उभी असलेली कादंबरी आहे. आडनाव नाकाओका, धाकट्या भावाचं नाव शिंजी (खऱ्या भावाचं सुसुमु), आणि अनाथ र्‍युता तर पूर्ण कल्पित.

सगळ्यात मोठा फरक घराच्या दृश्यात आहे. कथेत वडील, बहीण आणि भाऊ कोसळलेल्या घराखाली जळतात तेव्हा गेन समोर उभा असतो. नाकाझावा तिथे नव्हते. त्यांनी ते आईच्या तोंडून ऐकलं. तुमची चित्रकथा त्यांच्यावर असेल तर त्या चौकटीत फक्त आईला ठेवा. आई तेव्हा गरोदर होती, त्याच दिवशी तिला मुलगी झाली आणि ती मुलगी काही महिन्यांतच गेली. हे मात्र दोन्हीकडे आहे.

एक पान १९६६ साठी, आईच्या मृत्यूच्या वर्षासाठी, राखून ठेवा. जपानमध्ये दहनानंतर घरचे लोक काड्यांनी अस्थी वेचतात. आईच्या वेळी वेचायला हाडंच उरली नव्हती, नुसती राख आणि बारीक कण. किरणोत्सर्गाने आईची हाडंसुद्धा नेली, या संतापातून त्यांनी बॉम्बवर काढायला घेतलं. तोवर टोकियोत चित्रकथा काढत असूनही ते हा विषय टाळत होते. या विषयावरची पहिली कथा, 'काळ्या पावसात भिजून', मोठ्या प्रकाशकांनी घेतली नाही. ती १९६८ मध्ये प्रौढांच्या एका मासिकात आली. रिकाम्या ट्रेवर थबकलेल्या काड्या, एवढी एक चौकट पुरे.

शाईचा_डाग
स्फोटाच्या पानाचं सांगतो. आधी जागा आणि वेळ पक्की करा: सोमवार, ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे ८:१५, कांझाकी शाळेचं फाटक, स्फोटबिंदूखालच्या जागेपासून साधारण १.२ किलोमीटर. वर्गमित्राची आई काही विचारायला थांबली म्हणून ते फाटकापाशी उभे राहिले, आणि शाळेची काँक्रीटची भिंत त्यांच्या आणि त्या प्रकाशाच्या मधे आली. उष्णतेचे किरण सरळ रेषेत जातात. भिंतीच्या आडोशाचं पोर वाचलं, उघड्यावरची बाई जळाली.

सावलीचा हिशेब करा. बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, अंतर १२०० मीटर, म्हणजे भिंतीची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट. दोन मीटरची भिंत असेल तर चार मीटर सावली. डोक्यावरून उजेड पडल्यासारखी आखूड सावली काढलीत की मुलगा का वाचला हेच चित्रातून कळत नाही.

लखलखाट आणि धक्का एका चौकटीत कोंबू नका. एवढ्या अंतरावर धक्का दोन-तीन सेकंदांनी येतो. जपानीत बॉम्बला 'पिकादोन' म्हणायचे: पिका म्हणजे लख्ख, दोन म्हणजे धडाम. पहिली चौकट बिनकिनारीची, कोरा कागद, फक्त भिंतीची कड आणि सावली. पान उलटल्यावर धक्का.

आणि त्या पानावर अळंबीसारखा ढग नको. तो दुरून दिसतो, त्याच्या खाली असलेल्या पोराला अंधार आणि धूळ दिसते. पोरांची डोकी भादरलेली, छातीवर नावाची कापडी पट्टी, बायकांच्या पायांत मोम्पे म्हणजे सैल विजारी. हे तपशील सुटले की चित्र कुठल्याही शहराचं होतं.

चित्ररेघ
सावलीचा हिशेब डोक्यातच नव्हता, कच्चं रेखाटन पुन्हा करतो. भाजलेल्या माणसांचं काय? आणि ए३ वर काढून लहान केलं तर चालेल ना?

तिसरा_हात
नाकाझावांनी स्वतः हात आखडता घेतला होता. मुलांनी शिसारी येऊन पुस्तक मिटू नये म्हणून त्यांनी भीषणता कमी केली, तरीही ती चित्रं अंगावर येतात. त्यांची माणसं हात पुढे धरून चालतात, कारण सोललेली कातडी अंगाला घासली की असह्य वेदना. कातडी बोटांपर्यंत उतरून नखांशी अडकलेली असते. गर्दी नुसत्या काळ्या आकृत्यांची करा आणि एकच हात जवळून, नीट काढा. सगळ्याच चौकटींत जखमा भरल्या तर तिसऱ्या पानापासून मुलं पाहणं सोडतात.

ए३ वरून ए४ म्हणजे ७१ टक्के. ०.२ मिमीची रेघ ०.१४ होते आणि झेरॉक्समध्ये तुटते, म्हणून सर्वांत बारीक रेघ ०.३ च्या खाली नको. आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीत किमान एक मिमी फट सोडा, नाहीतर सगळं बुजून काळा गोळा होतो. कागद १८० ग्रॅमच्या वरचा घ्या. ७५ ग्रॅमच्या झेरॉक्स कागदावर शाई फुटते. मोठा काळा भाग टाकाने भरू नका, ब्रशने दोन हात द्या. स्कॅन ६०० डीपीआय, करड्या छटा न घेता निव्वळ काळं-पांढरं.

अवांतर: जपानी पानं उजवीकडून डावीकडे वाचतात. संदर्भाला इंग्रजी आवृत्ती घेतलीत तर तिथली चित्रं आरशासारखी उलटवलेली आहेत. किमोनोची डावी बाजू वर असते, उलटवल्यावर उजवी वर येते, आणि तशी ती मृतदेहाला नेसवतात. कपडे त्यावरून जसेच्या तसे उतरवू नका.

उंबरठा
एक राहिलं. 'गेन'मधली गव्हाची प्रतिमा घेणार असाल तर उभं पीक काढू नका. जपानात हिवाळ्यात गव्हाची कोवळी रोपं पायाने तुडवतात, त्याने मुळं घट्ट धरतात. वडील गेनला तेच सांगतात. ती रोपं वीतभरही नसतात. ओंब्या काढल्यात तर तुडवण्याचा अर्थच लागणार नाही.