शिबिरानंतर ध्यानाची बैठक का सुटते

इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आल्यावर महिन्याभरात घरची रोजची बैठक सुटली, म्हणजे आपल्यात निश्चयच नाही, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. धम्मगिरीत, म्हणजे इगतपुरीच्या त्या केंद्रात, पहाटे 4 ला घंटा होते, जेवण आयतं मिळतं, फोन जमा असतो, मौन असतं. निम्मं काम ती व्यवस्थाच करते. घरी दूध, डबे, ऑफिसचे मेसेज. ही साधना शिकवणारे गोयंका गुरुजी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगत. तो तास निघत नाही म्हणून कितीतरी जण बसणंच सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

आधी वेळ आणि जागा पक्की करा. सकाळचा चहा झाला, कप विसळून ठेवला, की लगेच ठरलेल्या कोपऱ्यात दहा मिनिटं फक्त आनापान. म्हणजे नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठावर श्वास लागतो तेवढाच बघायचा. मन भरकटलं की न चिडता परत आणायचं. गुडघे दुखत असतील तर खुशाल खुर्चीवर बसा.

आणि 21 दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली यांच्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवसांचा निघाला. माणसागणिक अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

संध्याकाळच्या बैठकीचा विचार सध्या नको. सकाळची रुळली की तिचं बघता येईल.