गोल्ड मेडल, पण बीपी घेता येईना?

बोथटसुई: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'लेखीत पहिला आलेला वॉर्डात बिनकामाचा. थिअरीचे गुण रद्द करा, नुसती ऑस्की घ्या.' डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. ऑस्की म्हणजे डॉक्टरकीची प्रात्यक्षिक परीक्षा: घंटा वाजली की पुढच्या टेबलाला, म्हणजे स्टेशनला जायचं, तिथे एक छोटं काम करून दाखवायचं आणि परीक्षक चेकलिस्टवर खुणा करणार. ऑस्कीत हात धुतले, नाव विचारलं, परवानगी घेतली, की झाले तीन गुण. विद्यार्थी असताना एका स्टेशनला मी गुडघा इतका नेटका तपासला की पैकीच्या पैकी मिळाले. सूज मला दिसलीच नव्हती! त्यापेक्षा लाँग केस बरी. तासभर पेशंटपाशी बसा, मग परीक्षकासमोर बोला.

घंटावाला: लाँग केसचे गोडवे पुरे. माझ्या वाट्याला कानाने अधू आजोबा आले. शेजारच्याचा पेशंट मात्र आपणहून सांगत होता, 'मायट्रल स्टेनॉसिस (हृदयाची झडप अरुंद होणं) आहे, डावीकडे वळवून ऐका.' हा नशिबाचा खेळ कमी करायलाच हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत ऑस्की आणली, 1975 मध्ये. एका केसमध्ये चमकलेला पुढच्या केसमध्ये आपटतो. शितावरून भाताची परीक्षा ठीक, पण इथे प्रत्येक शीत वेगळ्या पातेल्यातलं.

बोथटसुई: आणि चेकलिस्ट नवशिक्यालाच फळते त्याचं काय? हॉजेस वगैरेंचा 1999 चा अभ्यास बघा. अनुभवी डॉक्टरांना विद्यार्थ्यांपेक्षा कमी गुण!

घंटावाला: अर्धंच सांगताय. त्याच अभ्यासात परीक्षकांनी एकूण छाप बघून गुण दिले तेव्हा अनुभवीच वरचढ ठरले. चेकलिस्ट बदला, ऑस्की कशाला मोडता?

नकलीपेशंट: मी दोन वर्षं ऑस्कीत रुग्ण झाले. एका दिवसात चाळीस जणांनी एकाच सुरात ऐकवलं, 'तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकतो.' सहानुभूतीचा एक गुण असतो ना! एकीने काही न बोलता टिश्यू पुढे सरकवला आणि गप्प बसली. तिला शून्य. गप्प बसायला रकानाच नाही.

नाइटड्यूटी: रडारड पुरे. माझ्या छातीत दुखेल तेव्हा टिश्यू नको, ईसीजी वाचणारा हवा.

नकलीपेशंट: आणि उद्या तुमच्या वडिलांना कॅन्सर आहे हे सांगायचं झालं तर?

नाइटड्यूटी: वडिलांवर जायचं काम नाही. सांगितलंय एकाने. कॉरिडॉरमध्ये, फोन कानाला लावून. बॅचचा पहिला होता तो.

घंटावाला: म्हणजे कालचा पोस्टवाला बरोबरच की. अभिनंदन.

नाइटड्यूटी: अजिबात नाही. निदान त्यानेच केलं. त्याआधी दोघांनी 'गॅस आहे' म्हणून घरी पाठवलं होतं. आणि दोघंही बोलायला साखर.

नकलीपेशंट: हे माहीत नव्हतं. वडिलांबद्दलचं मागे घेते. टिश्यूचं नाही.

लॉगबुकग्रस्त: भांडा तुम्ही. डॉक्टरची तयारी पायऱ्यांनी मांडणाऱ्या मिलरच्या पिरॅमिडमध्ये (1990) सगळ्यात वर आहे ते रोजच्या कामात माणूस काय करतो ते. ऑस्की त्याच्या एक पायरी खाली थांबते, लेखी आणखी खाली. वरच्या पायरीवर बघायला असतं कोण? पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, एका दमात सह्या. मी न घातलेल्या सहा कॅथेटरच्या सह्या माझ्याकडे आहेत.

बोथटसुई: त्या सह्या आमच्यासारखेच करतात, कबूल. ओपीडी उरकून तीस मुलांना एकेक करून कधी बघायचं, तेही सांगा. असो, ऑस्की राहू द्या. लेखीला हात लावू नका.

नकलीपेशंट: आणि टिश्यूचा रकाना?

बोथटसुई: घालू की. पुढच्या वर्षी चाळीसही जण टिश्यू सरकवतील.