अनुभव धागा : फँटसी, सायफाय वाचता का? मराठवाड्यात बसून ही पुस्तकं कशी लागली ते सांगा

परभणी (धागा सुरू करतेय)

मागच्या पाच-सहा वर्षांत आपल्याकडं फँटसी आणि सायन्स फिक्शन वाचणारे बरेच झालेत, पण बोलायला कुणी भेटत नाही, घरी सांगायला गेलं तर "राक्षसाच्या गोष्टी वाचायलीस का अजून" म्हणतात. म्हणून हा धागा. कथानक सांगत बसू नका, ते कुठंही मिळतं. कुठं वाचलं, काय डोक्यात राहिलं, पुस्तक कुठं फसलं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. सुझॅना क्लार्कचं 'पिरानेसी', २०२० चं. एक माणूस एका न संपणाऱ्या घरात राहतोय, दालनामागून दालन, सगळीकडं पुतळे, खालच्या मजल्यात समुद्राच्या लाटा आणि वरच्या मजल्यात ढग. तो रोजनिशी लिहितो पण वर्षाला आकडा देत नाही, नाव देतो, म्हणजे नैऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष. इथं मी थांबले. कारण माझी आजी हेच करायची. तिचा जन्म रझाकाराच्या धामधुमीतला, बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची आणि सुकडी खायची, आणि धाकट्या काकाचं लग्न भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यात. सन विचारला की चिडायची. मला लहानपणी वाटायचं आजीला मोजता येत नाही. पिरानेसी वाचताना कळलं की ती मोजतच होती, फक्त तिचं कॅलेंडर वेगळं होतं. शेवटाकडं बाहेरचं जग आत येतं, कोण कुठला याचा उलगडा होतो, तिथं माझा रस थोडा कमी झाला, ते घर मला न उलगडलेलंच आवडलं असतं. २०२१ चं विमेन्स प्राइझ मिळालंय याला, आणि जाड नाही, दोन दिवसांत होतं.

औसा तालुका, आता पुण्यात

भूकंपाचं नाव निघालं म्हणून लिहिते. एन. के. जेमिसिनचं 'द फिफ्थ सीझन'. २०१५ चं आहे, याच्या तिन्ही भागांना लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो, म्हणजे सायफाय-फँटसीचा मोठा पुरस्कार, मिळाला, २०१६, १७, १८. त्या जगात जमीन सारखी हलते, आणि काही माणसांना भूकंप थांबवता येतो, आणता पण येतो, आणि गावं त्यांनाच घाबरून मारतात.

मी ३० सप्टेंबर १९९३ ला दोन वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बुडवून उशिरा येऊन झोपलेले, आणि पहाटे चारच्या आसपास ते झालं. आमचं घर दगडमातीचं, जाड भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात थंडगार राहायचं म्हणे ते घर. त्याच माळवदाच्या मातीखाली माणसं गेली, सगळी मिळून दहा हजाराच्या आसपास. आमच्या घरातली दोन.

आता पुस्तकाचं सांगते. त्यातला एक मोठा भाग 'तू' करून लिहिलेला आहे. तू उठतेस, तू चालायला लागतेस, असं. बऱ्याच जणांना ते खटकतं, मला पण पहिली पन्नास पानं जड गेलं. मग लक्षात आलं की माझी त्या रात्रीची सगळी आठवण अशीच आहे. मला स्वतःला काहीच आठवत नाही, आई सांगते तेच माझं. तू माझ्या कुशीत होतीस, तुझ्या तोंडात माती गेलती, तू रडली नाहीस म्हणून मला वाटलं तू गेलीस. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला कुणीतरी 'तू' म्हणूनच सांगितलेली आहे. ते कळल्यावर पुस्तक खाली ठेवता येईना.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. त्या जगात प्रत्येक गावाकडं दगडावर कोरलेले नियम आहेत, जमीन हलली की काय करायचं, धान्य किती साठवायचं, कुणाला आत घ्यायचं. आमच्याकडं तसं काहीच नव्हतं. १९९२ ला किल्लारीला धक्के बसून गेलते, लोक घाबरलेते, थोडे दिवस बाहेर झोपले आणि मग परत घरात आले. कुठं जाणार होते? हे वाचताना मला लेखिकेचा राग नाही आला, हेवा वाटला त्या गावांचा. दुसरा भाग वाचला. तिसरा अजून उघडला नाही, उघडेन.

लातूर

वरचं वाचून जरा वेळ काही लिहावं वाटंना. माझं पुस्तक किम स्टॅनली रॉबिन्सनचं 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर', हे पण २०२० चं. सुरुवातच उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेनं होते आणि ते पहिलं प्रकरण मी रात्री वाचलं आणि उठून माठातलं पाणी पिऊन आलो, इतकं अंगावर येतं. त्यात वेट बल्ब तापमान म्हणून भानगड आहे, म्हणजे ऊन आणि दमटपणा दोन्ही इतके वाढतात की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, निरोगी माणूस सावलीत बसून मरू शकतो. आपल्याकडं ऊन कोरडं, म्हणून तर आपला वाळ्याचा कूलर चालतो. पण कूलरला पाणी लागतंय हो! २०१६ ला लातुरात कूलर कोपऱ्यात झाकून ठेवलते लोकांनी. प्यायलाच नव्हतं तर कूलरला कुठलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ लावलं होतं. आमच्या गल्लीत टँकरला नंबर लावायला मी पहाटे तीनला ड्रम ठेवून यायचो आणि त्यावर नाव लिहिलेलं असायचं तरी कुणीतरी सरकवायचं.

पुस्तक पुढं मीटिंगा, सेंट्रल बँका आणि कार्बनच्या नाण्यात, म्हणजे कार्बन रोखला की मिळणाऱ्या चलनात, अडकतं. ते महत्त्वाचं आहे, मी सगळं वाचलं, पण लेखकाला ऊन कळलंय, रांग नाही कळली. टंचाईत माणूस एकदम मरत नाही, आधी शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं. ते कुणीतरी लिहायला पाहिजे.

बीड, एमपीएससी करतोय

सगळे गंभीर बोलायलेत, मी ब्रँडन सँडरसनवाला आहे. त्याच्या स्टॉर्मलाइट या फँटसी मालिकेचा पाचवा भाग 'विंड अँड ट्रुथ' डिसेंबर २०२४ ला आला, तेराशेच्या वर पानं, अभ्यासिकेतून रूमवर आल्यावर मोबाइलवर महिनाभर वाचला. मला आवडतं कारण त्याच्या जादूला नियम असतात, कष्ट केले की फळ मिळतं, किती केलं की किती मिळतं ते पण ठरलेलं असतं. माझ्या आयुष्यात सध्या तसं काहीच नाही, परीक्षेची तारीख पण नाही. पाचव्या भागात पात्रं फार समुपदेशन केल्यासारखी बोलायला लागली, ते नाही पटलं. पण शपथ घ्यायच्या जागा आल्या की अजून काटा येतो.

नांदेड, देगलूरकडची

'बेबेल' कुणी कसं काय घेतलं नाही? आर. एफ. क्वांग, २०२२. ऑक्सफर्डमध्ये, १८३० च्या दशकात, चांदीच्या कांडीच्या एका बाजूला एका भाषेतला शब्द आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला कोरायचा, आणि भाषांतरात जे निसटतं त्यातून जादू होते. त्या जादूवर इंग्रजांचं साम्राज्य चालतं आणि शब्द पुरवणारी पोरं कँटन, कलकत्ता, हैतीकडची.

आमच्या घरात आई तेलुगू बोलायची, बाबा मराठी, आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकलेले, हिशोब उर्दूत मांडायचे. तीन भाषांचं घर, आणि शाळेत मात्र "तुमची मराठी शुद्ध नाही" हे ऐकलेलं. त्यामुळं हे पुस्तक मी पेन घेऊन वाचलं. वहीत माझ्या जोड्या करत बसले. 'करमत नाही' याला काय लावायचं? बोअर होणं नाही, एकटं वाटणं नाही, सासरी पहिल्या महिन्यात होतं ते. उर्दूत 'जी नहीं लगता' जवळ जातं पण त्यात जीव आहे, करमण्यात जागा पण आहे. चांदी मिळाली असती तर हीच जोडी कोरली असती.

दोष आहेत. इंग्रज पात्रं बहुतेक एकाच साच्यातली आणि लेखिका आपल्याला समजलं नसेल म्हणून पुन्हा पुन्हा समजावून सांगते. तळटीपा मला आवडल्या, नवऱ्याला नाही.

छत्रपती संभाजीनगर, विद्यापीठ

क्वांगचंच नवं, 'कॅटाबेसिस', ऑगस्ट २०२५. केंब्रिजचे दोन पीएचडीवाले मेलेल्या गाइडला आणायला नरकात जातात, कारण शिफारसपत्र पाहिजे. आत जायची किंमत उरलेलं निम्मं आयुष्य. माझं सहावं वर्ष चालू आहे, मधले तर्काचे भाग लांबलेत खरे, पण ती पोरगी गाइडनं केलेलं सगळं पोटात घालून वर त्याचंच कौतुक करत राहते ते इतकं खरंय की मी दोनदा वाचणं थांबवलं. जास्त लिहीत नाही.

बीड जिल्हा, शिक्षिका

मी हंगामी वसतिगृहातल्या पोरांना रात्री गोष्ट सांगते. दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला गेले की ही पोरं आजीकडं नाहीतर आमच्याकडं. यंदा टी. जे. क्लून यांचं 'द हाउस इन द सेरुलियन सी' (२०२०) मराठीत तोंडी सांगितलं, रोज थोडं थोडं. अनाथालयात सहा जगावेगळी मुलं, आणि सरकारी माणूस नियमांचं जाड पुस्तक घेऊन तपासायला येतो. मोठ्यांसाठी म्हणून ते जरा गोडच आहे, सगळं फार सहज सुटतं, मला एकटीनं वाचताना तसंच वाटलं होतं. पोरांना सांगताना वेगळं झालं. त्यात चॉन्सी म्हणून एक हिरवा, हाडं नसलेला पोरगा आहे, त्याला मोठं होऊन हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलायच्यात. मला वाटलं पोरं हसतील. कुणीच हसलं नाही. तिसरीतल्या एकानं विचारलं, "बाई, त्येचे आईबाप कोणत्या कारखान्यावर गेलेत?"

मी म्हणलं, पुस्तकात ते सांगितलेलं नाही. तो म्हणला, "मंग पाडव्यापर्यंत येतेल."

पुढचा भाग उद्या सांगायचाय.