वाचनालयाच्या दिव्यांतून इंटरनेट: आपल्याकडे करावं की नको?

शहापूरकर
आमच्या गल्लीतल्या वाचनालयात संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची चाळीसेक पोरं बसतात. राऊटर एकच. सात वाजले की सगळ्यांचे व्हिडिओ अडकतात. छताला एलईडी ट्यूब आहेतच, त्यांच्या प्रकाशातूनच डेटा पाठवता येतो. तेव्हा एडिनबरा विद्यापीठात असलेले हाराल्ड हास यांनी २०११ साली याला 'लायफाय' म्हटलं. प्रकाश सेकंदाला लाखो वेळा कमी-जास्त होतो, डोळ्यांना कळत नाही, टेबलावरचा फोटोडायोड, म्हणजे प्रकाशाचे विजेचे संकेत करणारा छोटा भाग, मात्र टिपतो. एका दिव्याखाली चार पोरं, त्या दिव्याचा वेग त्यांच्यापुरताच. पुढच्या वर्षी छत नवीन होणार आहे, तेव्हाच ही सोय करावी.

खानापूरवाला
ट्यूबपर्यंत इंटरनेट पोचणार कसं? तार ओढावी लागणारच. मग तीच तार टेबलापर्यंत आणा, सॉकेट बसवा, झालं की! मोबाईलमध्ये हा प्रकाश वाचायची सोय नसते, म्हणजे प्रत्येक पोराला वेगळं यंत्र घ्यावं लागेल. घरगुती पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि वर फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश पडला की पिवळं चमकणाऱ्या पदार्थाचा थर. हा थर सावकाश विझतो, त्यामुळे काही मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला काही दशलक्ष चढउतारांच्या पुढे जाणं अवघड होतं.

शहापूरकर
त्यावर उपाय आहे. फोटोडायोडपुढे निळा फिल्टर लावला की पिवळा, संथ भाग गाळला जातो. तारेचं म्हणाल, तर दहा दिव्यांना दहा तारा. चाळीस जागांना चाळीस सॉकेट कशाला?

उद्यमबागचा
मी मशीन शॉपमध्ये आहे. शेडमध्ये हे चालणार नाही. वेल्डिंगचा लखलखाट थेट फोटोडायोडवर येणार आणि फौंड्रीची धूळ आठवड्याभरात दिव्यावर बसणार. पण आत बंद खोलीत गिऱ्हाइकाची ड्रॉइंग उघडतात, तिथं मला हे पटतं. प्रकाश भिंतीबाहेर जात नाही, बाहेरच्याला चोरून वाचता येणं अवघड.

वडगावची ताई
माझा मुलगा तिथंच बसतो. असल्या उजेडात रोज चार तास वाचून डोळे दुखणार नाहीत ना?

शहापूरकर
ताई, दिव्यातून डेटा पाठवण्यासाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं केलेल्या २०११ च्या ८०२.१५.७ या मानकात लुकलुक होऊ नये याचे नियम आहेत. नीट बनवलेल्या दिव्यात चमक सतत दिसते.

खानापूरवाला
मानकाचंच काढलंत, तर त्याच संस्थेचं लायफायसाठीचं २०२३ चं ८०२.११बीबी बघा. त्यात ८०० ते १००० नॅनोमीटरचा प्रकाश घेतलाय, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. दिव्याच्या उजेडावर मानक करणारे थांबले नाहीत. आपण कशाला थांबायचं? आणि पोरानं वही वर धरली तरी प्रकाश अडतो. पोरांचा अभ्यास म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.

शहापूरकर
इन्फ्रारेडचं मान्य, पण तो दिवाही छतालाच बसणार. म्हणूनच म्हणतो, छत उघडलं की निदान तारांची नळी टाकून ठेवू.

खानापूरवाला
नळीला माझी ना नाही. पैसे मात्र आधी सॉकेटला.