लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये गुडघा दुखू नये म्हणून काय करावे?

प्रश्न (रत्नागिरी)
नमस्कार. माझे वय 46 असून गेली दोन वर्षे मी नियमित सायकल चालवतो. 20 किलोमीटरपर्यंत काहीच त्रास होत नाही; परंतु आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला जाऊन परत येताना, शेवटच्या चढांवर, उजव्या गुडघ्याची वाटी आणि तिच्याखालचा भाग दुखू लागतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते. सूज मात्र नाही. पुढे जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागरपर्यंत जाण्याचा बेत आहे. गुडघ्याला पट्टा बांधावा, की आणखी काही करावे?

उत्तर (गुहागर)
पट्टा घेण्याआधी सीटची उंची मोजावी, असे मी सुचवेन. वाटीच्या पुढच्या बाजूचे दुखणे पुष्कळदा सीट खाली असल्याने होते, कारण पेडल वर येताना गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि तशा दुमडलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, जांघेत एक पुस्तक घट्ट धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर घेऊन त्याला 0.883 ने गुणावे. पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण तेवढी उंची हवी. अंतर 80 सेंटीमीटर आले तर उंची 70.6. हा आकडा केवळ सुरुवातीपुरता समजावा. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवल्यास पाय सरळ झाला पाहिजे, आणि चवडा ठेवल्यास गुडघ्याला 25 ते 35 अंशांचा बाक राहिला पाहिजे. फरक मोठा निघाला तरी सीट एकदम वर न्यू नये. दर दोन-तीन फेऱ्यांनी 5 मिलिमीटर पुरे. सीट फार उंच झाली तर दुखणे गुडघ्याच्या मागे सरकते.

उत्तर (चिपळूण)
मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरील उत्तराशी सहमत आहे, पण गिअरचाही विचार करावा. आपला किनाऱ्याचा रस्ता खाडीतून सड्यावर चढतो आणि सड्यावरून पुन्हा खाडीत उतरतो. उताराच्या वेगात लावलेला जड गिअर पुढचा चढ अंगावर येईपर्यंत तसाच राहतो, आणि मग आपण उभ्या चढावर सगळा भार गुडघ्यावर घेऊन पेडल रेटत राहतो. चढ लागण्यापूर्वीच गिअर हलका करावा. सपाटीवर उजवा पाय 15 सेकंदांत 20 ते 22 वेळा फिरावा, म्हणजे मिनिटाला 80 ते 88 फेऱ्या होतात. चढावर 60 च्या खाली जाऊ नये. फेरीबोटीची वाट पाहताना पाय थंड पडतात, म्हणून पलीकडे उतरल्यावर पहिली दहा मिनिटे अगदी हलक्या गिअरवर काढावीत. आठवड्याचे एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांहून फारसे वाढवू नये. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू बळकट करण्यासाठी बुटक्या पायरीवर हळूहळू चढण्या-उतरण्याचा व्यायाम उपयोगी पडतो, मात्र तो दुखणे न वाढेल इतकाच करावा. पट्ट्याने मूळ कारण जात नाही. सूज आली, गुडघा अडकू लागला किंवा रात्री विश्रांतीतही दुखले, तर सायकल बंद ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आज माप घेतले. उंची 70.6 च्या जवळपास हवी होती, ती 67 भरली. सायकल घेतली तेव्हा सीट याहून वर होती, हे मला नक्की आठवते. नीट पाहिल्यावर कळले की सीटची दांडी पकडणारा स्क्रू खाऱ्या हवेने गंजला आहे आणि दांडीवर वरून खाली ओरखडे उमटले आहेत. म्हणजे ती बसल्या वजनाने थोडी थोडी खाली सरकत होती. उद्या स्क्रू बदलतो आणि दांडीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवतो.

उत्तर (गुहागर)
ती खूण प्रत्येक फेरीआधी पाहावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा दांडी बाहेर काढून पुसावी, नाहीतर ती आतच धरून बसते आणि मग उंची बदलताच येत नाही.