मदत हवी आहे : स्वतःचा पूर्वग्रह मुलांना कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी बातम्या पारखण्यावर सत्र घ्यायचंय. उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचं. १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून जमावाने भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांचा जीव घेतला. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृती मोहिमेचा होता. त्यात दुचाकीवाले उचललेलं मूल परत आणून सोडतात, नेमका तोच भाग कापलेला!

फोटोचा मूळ स्रोत शोधणं वगैरे शिकवता येतं. अडतंय पुढे. तीच गोष्ट चार ग्रुपवर आली की खरी वाटते, नावडत्या बातमीचा कीस काढणारे आपण मनाजोगती बातमी डोळे झाकून पुढे ढकलतो. हे सांगितलं की पोरं लगेच काका-आजोबांकडे बोट दाखवतात. स्वतःकडे कुणीच नाही.

स्वतःचा कल स्वतःला दिसेल असा एखादा खेळ कुणी घेतलाय का? एकच मथळा, फक्त पक्षाचं नाव बदलून दोन गटांना द्यावा असं मनात होतं. पण गावात राजकारण तापलंय, नसती भानगड नको. क्रिकेट संघांची नावं घातली तर चालेल का? अर्ध्या तासात बसणारं काही सुचवा. भाषण नको, पोरं पेंगतात.